अतिथी, आश्रित आणि मावशी : आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रांतील रोझेलचे घर

१

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे आयुष्य मराठीत तीन वेळा विस्ताराने सांगितले गेले आहे. काशीबाई कानिटकर यांनी त्यांचे चरित्र १८८९ साली, म्हणजे आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर अवघ्या दोन वर्षांत प्रसिद्ध केले. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ सालची. अंजली कीर्तने यांचा 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' हा संशोधनपर ग्रंथ १९९७ साली आला. पहिले पुस्तक समकालीनेचे, दुसरे कादंबरीकाराचे आणि तिसरे संशोधिकेचे आहे. तिन्हींची प्रकृती भिन्न असल्यामुळे त्यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य होणार नाही. तथापि आनंदीबाईंची जी प्रतिमा या लेखनातून मराठी वाचकाच्या मनात स्थिर झाली आहे, तिच्यातील एक उणीव लक्षात घेण्याजोगी आहे. या प्रतिमेत गोपाळराव आहेत, समुद्रप्रवास आहे, फिलाडेल्फियाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि अकाली मृत्यू आहे. न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावचे जे घर आनंदीबाईंना अमेरिकेत प्रथम लाभले, ते मात्र या प्रतिमेत वाटेवरच्या धर्मशाळेसारखे उरते. त्या घराचा आणि त्या घराशी जडलेल्या नात्याच्या भाषेचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडा कालानुक्रम पाहू. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी पुण्यास झाला. माहेरचे नाव यमुना. घराणे कल्याणच्या जोशांचे, आणि बालपणही कल्याणातच गेले. कल्याणच्या पुढे अंबरनाथ, पालेगाव, बदलापूर हा जो पट्टा आहे, तो एकेकाळी कल्याण तालुक्यातच मोडत असे. १८५० नंतरच्या दशकात आगगाडी कल्याणपर्यंत आली व पुढे घाटाच्या दिशेने याच पट्ट्यातून गेली, तरीही या भागातील मुलीचे जग बहुधा माहेर आणि सासर या दोन घरांतच संपत असे. यमुनेचा विवाह वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ साली, टपाल खात्यातील गोपाळ विनायक जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या पतीवाचून कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. बंदरावर त्यांना उतरवून घेण्यासाठी थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या. आनंदीबाईंचे वय त्या दिवशी अठरा वर्षे दोन महिने होते. शरद ऋतूत फिलाडेल्फियास जाईपर्यंत त्या रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात राहिल्या.

आजच्या भाषेत ज्याला 'विद्यार्थी-विनिमय' म्हणतात, त्या व्यवस्थेत हा प्रसंग काटेकोरपणे बसत नाही. त्या व्यवस्थेमागे संस्था असते, अर्ज असतात, मुदत ठरलेली असते. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालविण्यासाठी उभ्या राहिलेल्या 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' या संघटनेने दुसऱ्या महायुद्धानंतर शालेय विद्यार्थ्यांना परदेशी कुटुंबांत ठेवण्याचा उपक्रम सुरू केला, आणि पुढे हा प्रकार जगभर रूढ झाला. आनंदीबाईंच्या मागे अशी कोणतीही संस्था नव्हती, आणि त्यांच्या बदल्यात रोझेलहून कोणी कल्याणास आले नाही. असे असले तरी व्यवस्थेचा गाभा तोच आहे. वयाने कोवळी व्यक्ती विद्येसाठी परदेशी येते. एक कुटुंब मोबदल्यावाचून तिला घरात घेते. ती त्या घराची होते, परंतु त्या घराची नसते. या मधल्या अवस्थेला नाव काय द्यावे, हा प्रश्न १८८३ साली उभा होता आणि तो आजही सुटलेला नाही.

२

परक्याच्या घरी राहून शिकणारा विद्यार्थी मराठी समाजाला अपरिचित नव्हता. किंबहुना त्याच्यासाठी भाषेत शब्दांचे एक लहानसे कुळच होते. सात वारी सात घरी जेवणाऱ्या मुलाच्या व्यवस्थेला 'वार' म्हणत. 'त्याचा आमच्याकडे गुरुवार आहे' हे वाक्य पुण्यासारख्या विद्येच्या गावी कोणालाही चटकन समजत असे. घरोघरी शिजलेले अन्न मागून आणण्याच्या प्रथेला 'माधुकरी' म्हणत. भुंगा जसा अनेक फुलांतून मध गोळा करतो, तशी ही भिक्षा, असा त्या शब्दाचा मूळ भाव. कोणाच्या घरी कायमचा राहिलेला मुलगा 'आश्रित' ठरे. या शब्दांत अन्नदात्याचे पुण्य आहे आणि घेणाऱ्याचा संकोच आहे. नाते मात्र कोणत्याही शब्दात नाही. वारावर जेवणारा मुलगा त्या घरचा पुतण्या किंवा भाचा होत नसे. तो पानावर बसे आणि पान उचलून निघून जाई.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हे सर्व शब्द मुलांचे आहेत. वार लावून जेवणारी मुलगी किंवा माधुकरी मागणारी विद्यार्थिनी जुन्या मराठीच्या व्यवहारात आढळत नाही. मुलीने दुसऱ्याच्या घरी जाऊन राहावयाचे ते सासरी, आणि परत यावयाचे ते माहेरी. विद्येसाठी परक्या घरी राहणाऱ्या मुलीला भाषेने जागाच ठेवलेली नव्हती. आनंदीबाईंच्या प्रवासावर झालेल्या टीकेत परदेशगमनाचा दोष पुष्कळ उगाळला गेला. परंतु त्या टीकेच्या मुळाशी हीही एक अडचण असावी, की ही मुलगी तेथे कोण म्हणून राहणार हे सांगता येत नव्हते. धर्मभ्रष्टतेचे भय जितके अन्नाचे आणि समुद्राचे होते, तितकेच ते या अनाम अवस्थेचेही होते.

'अतिथी' आणि 'पाहुणा' हे दोन शब्द येथे उपयोगी पडत नाहीत. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, अशी परंपरेने दिलेली फोड आहे. येथे तर तीन वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर दिवस ठरवून आलेली व्यक्ती आहे. 'पाहुणा' हा संस्कृत 'प्राघुण' वरून प्राकृतातून आलेला शब्द अल्पकाळाचा निदर्शक आहे. पाहुण्याने वेळेवर निघावे ही अपेक्षा त्याच्या अर्थातच मुरलेली आहे. आज 'होस्ट फॅमिली' या शब्दासाठी 'यजमान कुटुंब' असा प्रतिशब्द वापरला जातो. हा शब्द सोयीचा आहे, पण आनंदीबाईंच्या संदर्भात तो विलक्षण पेच निर्माण करतो. यजमान म्हणजे मुळात यज्ञ करविणारा. मग अन्न देणारा गृहस्थ. आणि मराठी स्त्रीच्या तोंडी यजमान म्हणजे नवरा. ज्या स्त्रीचे यजमान श्रीरामपूरच्या टपालकचेरीत होते, तिला रोझेल येथे दुसरे यजमान कसे असणार? मराठी शब्दाने उभा केलेला हा पेच निव्वळ शाब्दिक नाही. आनंदीबाईंच्या अमेरिकेतील आयुष्यावर अधिकार कोणाचा, हा त्यांच्या चरित्रातील खरा प्रश्न त्यात दडलेला आहे.

३

या अनाम अवस्थेला दोघींनी जे नाव दिले ते इंग्रजीतून दिले. हकिकत सर्वपरिचित आहे. पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागणारे गोपाळरावांचे पत्र एका अमेरिकन मिशनरी नियतकालिकात छापले गेले. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता कार्पेंटरबाईंच्या वाचनात ते आले, आणि १८८० साली त्यांनी आनंदीबाईंना पहिले पत्र लिहिले. पुढे पत्रव्यवहार वाढला. आनंदीबाई आजारी असता कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधेही पाठविली. एकमेकींचे तोंड पाहण्यापूर्वीच दोघी परस्परांना 'आँट' आणि 'नीस' म्हणू लागल्या होत्या.

हे संबोधन मराठीत आणताना जे घडते, त्याकडे चरित्रांच्या वाचकाने बारकाईने पाहिले पाहिजे. इंग्रजी 'आँट' हा शब्द आईची बहीण, बापाची बहीण, काकाची बायको आणि मामाची बायको या चौघींना सरसकट लागतो. शिवाय त्या काळच्या इंग्रजी-अमेरिकन घरांत आईच्या मैत्रिणीलाही मुले सौजन्याने हेच म्हणत. शब्द सैल आहे, त्याचा भार हलका आहे. मराठीला असा सैलपणा परवडत नाही. मावशी, आत्या, काकू आणि मामी यांपैकी एकीची निवड केल्यावाचून मराठी वाक्य पुढे सरकतच नाही. मराठी परंपरेने कार्पेंटरबाईंना 'मावशी' केले, आणि ही निवड इतकी सहज झाली की तिच्यात निवड आहे हेही कोणाच्या ध्यानात आले नाही.

या निवडीचा अर्थ लावण्यासाठी चारही शब्दांचा व्यवहार पाहावयास हवा. आत्या ही बापाच्या कुळातील. तिला मान असतो, हक्क असतो, आणि रुसण्याचा अधिकारही असतो. परक्या बाईला कोणी सहसा आत्या म्हणत नाही, कारण आत्या म्हणणे म्हणजे आपल्या कुळात तिला वाटेकरी करणे होय. काकू हा शब्द शेजारणीपर्यंत पोचतो. पण त्यामागे कोणी काका उभा असतो, म्हणजे ते नाते पुरुषाच्या द्वारे येते. मामीचेही तसेच. 'मावशी' हा शब्द संस्कृत 'मातृष्वसृ' आणि प्राकृत 'माउसिआ' यांच्या वाटेने आला. त्यात आई आणि बहीण या दोनच स्त्रिया आहेत. कोणाही पुरुषाच्या मध्यस्थीवाचून सिद्ध होणारे हे नाते आहे. त्यामुळेच हा शब्द घराबाहेर सर्वांत दूर जातो. भाजी विकणारी मावशी असते, रुग्णालयातील आया मावशी असते, शाळेत मुलांना सांभाळणारीही मावशीच असते. पालेगाव-अंबरनाथच्या बाजारात काय किंवा पुण्याच्या मंडईत काय, अनोळखी प्रौढ स्त्रीला हाक मारावयाची वेळ आली की मराठी माणसाच्या जिभेवर प्रथम हाच शब्द येतो. 'माय मरो पण मावशी जगो' या म्हणीत मावशीला आईच्या जागी बसविण्याची तयारी आहे. आणि आयेला मावशी म्हणण्यात तिच्या श्रमाला नात्याचे पांघरूण घालण्याची सोयही आहे. शब्द एकच, पण त्याची ही दोन टोके एकमेकांपासून पुष्कळ दूर आहेत.

कार्पेंटरबाई मराठी चरित्रांत मावशी होतात तेव्हा ही दोन्ही टोके त्या शब्दाबरोबर येतात. एकीकडे नाते घट्ट होते; इंग्रजीतील सौजन्याचे संबोधन रक्ताच्या नात्याइतके उबदार वाटू लागते. दुसरीकडे, मावशी म्हटली की ती प्रेम करणारच, तिने केले यात विशेष ते काय, अशीही एक समजूत मनात रुजते. एका अनोळखी, परधर्मीय, परवर्णीय मुलीला स्वतःच्या घरात घेण्यासाठी त्या कुटुंबाला जो निर्णय घ्यावा लागला, जे श्रम आणि जो खर्च करावा लागला, त्याची दखल घेण्याची गरजच वाचकाला भासेनाशी होते. रोझेलचे घर मराठी लेखनात विरळ होऊन जाण्याचे एक कारण हा शब्दच आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही.

४

त्या घराने आनंदीबाईंना काय दिले, याचे उत्तर चरित्रकार बहुधा 'आधार' या एका शब्दात देतात. पत्रांचा पुरावा याहून अधिक सांगतो.

लहानपणी आईकडून मिळालेल्या कठोर वागणुकीची हकिकत आनंदीबाईंनी कार्पेंटरबाईंना कळविली आहे. आई मायेने बोलत नसे, शिक्षा करताना हाताला येईल त्या वस्तूचा उपयोग करी, अशा आशयाचे हे कथन आहे. हे इंग्रजीत लिहिले गेले, आणि मराठी न जाणणाऱ्या स्त्रीला लिहिले गेले, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. मराठीत आईविषयी तक्रार करण्यास शब्द नाहीत असे नाही. पण ते शब्द उच्चारण्यासाठी मुलीला स्थान नव्हते. कल्याणच्या वाड्यात, आळीत किंवा नातलगांत हे बोलावयाचे झाल्यास ऐकणारी प्रत्येक व्यक्ती त्या आईची कोणीतरी लागत होती. इंग्रजीत ऐकणारी व्यक्ती कोणाचीच कोणी नव्हती. परकी भाषा ही सामान्यतः अडथळा समजली जाते. येथे ती आडोसा झाली आहे.

याच्या जोडीला दुसरे एक पत्र ठेवून पाहावे. अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका सुप्रसिद्ध मराठी पत्रात आनंदीबाईंनी त्यांच्या पूर्वीच्या वर्तनाची आठवण दिली आहे. दहा-बारा वर्षांच्या वयात सोसलेली मारहाण, अंगावर फेकलेल्या वस्तू, सोडून जाण्याच्या धमक्या यांचा त्यात वयाच्या क्रमाने हिशेब आहे, आणि हे सारे आपण मुकाट्याने का सोसले याचाही खुलासा आहे. हिंदू स्त्रीला पतीपुढे एक शब्दही बोलण्याचा अधिकार नसतो, असे सांगत सांगतच त्या तो अधिकार बजावीत आहेत. मराठी स्त्रीच्या गद्यात इतके निर्भय आणि इतके संयत लेखन त्या काळात क्वचितच सापडेल.

ही दोन पत्रे एकत्र वाचली असता एक संगती दिसते. आईविषयीचे सत्य प्रथम परक्या भाषेत आणि परक्या स्त्रीपाशी उच्चारले गेले. नंतर पतीविषयीचे सत्य स्वभाषेत आणि प्रत्यक्ष पतीलाच उद्देशून लिहिले गेले. ऐकून घेणारे कोणीतरी मिळाल्यावाचून बोलणे सुरू होत नाही. आणि एकदा सुरू झालेले बोलणे मग आपल्या भाषेतही परत येते. कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंना पतीविरुद्ध उभे केले, असा याचा अर्थ नव्हे. तसा पुरावाही नाही. त्यांनी दिले ते श्रोतेपण. मराठी वाङ्मयात मुलीच्या बोलण्याला मोकळीक देणाऱ्या जागेस एक जुना शब्द आहे, तो म्हणजे माहेर. नऊ वर्षांच्या वयात लग्न झालेल्या आणि आईच्या मायेला पारख्या झालेल्या या मुलीला माहेर मिळाले ते अठराव्या वर्षी, अटलांटिकच्या पलीकडे, असे म्हणता येईल.

५

या दृष्टीने तिन्ही मराठी ग्रंथांकडे पाहिले असता प्रत्येकाची मर्यादा त्याच्या प्रकृतीतूनच आलेली दिसते.

काशीबाई कानिटकरांचा ग्रंथ हा स्त्रीने लिहिलेल्या स्त्रीचरित्राचा मराठीतील आद्य आणि मोलाचा नमुना आहे. पत्रांचे महत्त्व त्यांनी ओळखले, हे त्यांचे मोठे ऋण होय. त्यांच्या आधी एकच वर्ष, १८८८ साली, कॅरोलाइन हीली डॉल यांचे इंग्रजी चरित्र बॉस्टन येथे प्रसिद्ध झाले होते. परंतु काशीबाईंपुढील वाचकवर्ग संशयी होता. आनंदीबाई परदेशी राहूनही हिंदूच राहिल्या, शाकाहार आणि लुगडे त्यांनी सोडले नाही, हे सिद्ध करणे त्यांना भाग होते. त्यामुळे रोझेलचे घर या चरित्रात एखाद्या कसोटीच्या दगडासारखे येते. त्यावर घासून नायिकेचे सोने खरे ठरते. घराचा स्वतःचा स्वभाव वाचकापुढे यावा, ही त्या काळाची गरजच नव्हती. त्याच १८८९ साली पंडिता रमाबाईंचे अमेरिकेतील लोकस्थितीवरील प्रवासवृत्त मराठीत प्रसिद्ध झाले. रमाबाईंनी अमेरिकेच्या संस्था, कायदे आणि लोकाचार दाखविले. त्या देशातील घर आतून कसे असते हे सांगण्याची संधी काशीबाईंच्या हाती होती, आणि ती परिस्थितीने पूर्ण साधू दिली नाही.

श्री. ज. जोशी यांच्या कादंबरीचे नावच तिच्या दृष्टीचे निदर्शक आहे. मराठी प्रथेप्रमाणे स्त्रीच्या नावामागे पतीचे नाव लागते, आणि येथे त्या प्रथेतून कथानकाचा आराखडा तयार झाला आहे. गोपाळरावांचा हट्ट, त्यांचा विक्षिप्तपणा आणि त्यांची ध्येयनिष्ठा यांच्या ताणाने कादंबरी वाचकाला खिळवून ठेवते. लेखकाचे हे यश मोठे आहे. मात्र पती-पत्नी या अक्षाभोवती सारे फिरू लागले की, त्या अक्षाबाहेरील नाती प्रसंगोपात्त होतात. कार्पेंटरबाई येथे प्रेमळ आहेत, साहाय्यक आहेत. पण कथानकाला वळण देण्याची शक्ती त्यांच्याकडे येत नाही. पत्नीने पतीला लिहिलेले ते निर्भय पत्र या मांडणीत दांपत्यकलहाचा भाग ठरते. ते लिहिण्याचे बळ कोठून आले, हा प्रश्न विचारला जात नाही.

अंजली कीर्तने यांनी अमेरिकेतील साधनांचा मागोवा घेऊन आनंदीबाईंना त्यांच्या काळाच्या चौकटीत उभे केले, आणि गोपाळरावांच्या छायेतून नायिकेला पुष्कळ अंशी बाहेर काढले. रोझेलविषयी मराठीत विश्वसनीय माहिती मिळवावयाची तर या ग्रंथाकडेच वळावे लागते. येथे उणीव माहितीची नसून प्रश्नाची आहे. संशोधिकेचा प्रश्न 'कर्तृत्व' हा आहे. घराचा विचार त्या कर्तृत्वाचे साधन म्हणून होतो. पत्रे कोणत्या भाषेत लिहिली गेली आणि भाषा बदलली की लिहिणारीचे धैर्य कसे बदलते, ही चर्चा अद्याप व्हावयाची आहे. मीरा कोसंबी यांचे २०१५ साली निधन झाले. आनंदीबाईंच्या जीवनावर व पत्रांवर त्यांनी इंग्रजीत केलेले काम त्यांच्या मागे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्याने या चर्चेची पूर्वतयारी करून ठेवली आहे, असे म्हणावयास हरकत नाही. मराठी अभ्यासकांनी ते काम स्वतःच्या भाषेच्या बाजूने पुढे नेणे इष्ट आहे.

६

रोझेलच्या घराची बाजू मांडताना त्याचे गोडवे गाण्याचा मोह टाळला पाहिजे. यजमान कुटुंबाचे प्रेम कितीही निखळ असले, तरी परक्या घरी राहणाऱ्या कोवळ्या व्यक्तीवर एक अदृश्य जबाबदारी येऊन पडते. तिला स्वतःच्या देशाचे प्रतिनिधित्व करावे लागते. ती खाते ते तिच्या देशाचे अन्न ठरते, नेसते तो तिच्या देशाचा वेष ठरतो, आणि तिची आवडनिवड तिच्या देशाचा धर्म ठरते. १० ऑक्टोबर १८८५ या तारखेचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबूली या फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी आपापल्या देशांच्या वेषांत आहेत. छायाचित्र सुंदर आहे. परंतु त्यातील प्रत्येक मुलगी स्वतःइतकीच एका राष्ट्राची प्रतिमा म्हणूनही तेथे आहे, हे विसरता येत नाही.

आनंदीबाईंवरील ओझे दुहेरी होते. श्रीरामपूर येथे २४ फेब्रुवारी १८८३ रोजी केलेल्या जाहीर भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणून जात आहोत आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असे सांगितले होते. हे वचन त्यांनी पाळले, परंतु त्याची किंमत शरीराने दिली. नऊवारी लुगड्याने पोटऱ्या उघड्या राहत असल्याने थंडीच्या बचावासाठी गुजराती पद्धतीने साडी नेसावी की काय, एवढी साधी गोष्टही पतीशी पत्राने चर्चिण्याचा विषय झाली. फिलाडेल्फियाची थंडी, अपुरा आहार आणि राहण्याच्या जागेची गैरसोय यांनी प्रकृती ढासळली. महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनी माया दाखविली, कार्पेंटरबाईंचे लक्ष होतेच. पण वचन देणारी मुलगी एकटी होती. ज्या घराला ती मावशीचे घर म्हणत होती, त्या घरालाही तिला या वचनातून सोडविता आले नाही, आणि तसे करणे योग्यही झाले नसते. परक्या घराचा अधिकार येथे थांबतो. कार्पेंटर कुटुंबाने तिच्या धर्मावर हात टाकला नाही, हे त्याचे मोठेपण. तिच्या प्रकृतीपर्यंत त्याचा हात पुरला नाही, ही त्याची मर्यादा.

१८८५ साली गोपाळराव अमेरिकेत आले आणि पाश्चात्त्य समाजावर टीका करणारी व्याख्याने देऊ लागले. यजमान या शब्दाचे दोन अर्थ आता एकाच देशात समोरासमोर आले. ज्या समाजाचे अन्न पत्नीने खाल्ले, त्याची जाहीर निंदा पतीच्या मुखाने होत होती. आनंदीबाईंना दोन्ही बाजूंचे देणे होते. मराठी लेखनात हा प्रसंग गोपाळरावांच्या विक्षिप्तपणाचा आणखी एक दाखला म्हणून येतो. कार्पेंटरबाईंच्या घरात त्या दिवसांत काय वाटले असेल, हे विचारण्याचे श्रम फारसे कोणी घेतलेले नाहीत.

७

आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी वैद्यकीय पदवी मिळाली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्या स्वदेशी परतल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. ते काम करणे मात्र घडले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. त्यानंतर जे घडले, ते या लेखाच्या विषयाशी सर्वांत निगडित आहे. त्यांच्या अस्थिरक्षा अमेरिकेस कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या स्वतःच्या जागेत, त्या ठेवण्यात आल्या. तेथे त्यांच्या नावाचा दगड आहे.

हिंदू रीतीप्रमाणे अस्थी नदीत विसर्जित होतात. त्या कोणा कुटुंबाच्या मालकीच्या जमिनीत राहत नाहीत. पाश्चात्त्य रीतीप्रमाणे कौटुंबिक दफनभूमीत जागा मिळते ती त्या कुटुंबातील माणसाला, पाहुण्याला नव्हे. दोन्ही रीतींना मुरड घालून हे घडले आहे. इंग्रजीतील 'आँट' हा शब्द सैल आहे, असे वर म्हटले. पोकीप्सीच्या त्या दगडाकडे पाहता, निदान एका घराने तो शब्द मराठीइतक्या काटेकोर अर्थाने वापरला होता असे मान्य करावे लागते. मराठी चरित्रे ही वस्तुस्थिती नोंदवितात आणि तिला करुण शेवट म्हणून वापरतात. वास्तविक ती पुरावा म्हणून वाचावयास हवी. तीन वर्षांच्या पत्रांनी आणि काही महिन्यांच्या सहवासाने जे नाते तयार झाले, त्याच्या दृढतेचा याहून ठळक लेख दुसरा नाही.

आज कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात शेते हटून इमारती उभ्या राहिल्या आहेत. पालेगावच्या एखाद्या घरातील सोळा वर्षांची मुलगी वर्षभरासाठी परदेशी कुटुंबात राहावयास गेली, तर ती वर्तमानपत्रात छापून येण्याजोगी बातमी राहिलेली नाही. तिच्याजवळ दूरध्वनी आहे, परतीचे तिकीट आहे, आणि पाठीशी एखादी संस्था आहे. आनंदीबाईंच्या एकाकीपणाशी तिची तुलना करणे अप्रस्तुत होईल. पण त्या घरातील बाईला हाक काय मारावयाची, हा प्रश्न तिच्यापुढे पहिल्याच दिवशी उभा राहतो. नावाने हाक मारणे मराठी जिभेला उद्धट वाटते, आई म्हणणे खोटे वाटते. आणि ती घरी पत्र किंवा संदेश लिहू लागते तेव्हा कोणती गोष्ट कोणत्या भाषेत सांगावयाची, याची निवडही तिला करावी लागते. ही निवड करणाऱ्या मुलींचे लेखन पुढे मराठीत येईल. त्याचा अभ्यास करणाऱ्याला आनंदीबाईंच्या पत्रांपासून आरंभ करावा लागेल; आणि ती पत्रे कोणाच्या पत्नीची म्हणून न वाचता, एका परक्या घरात स्वतःचा आवाज शोधणाऱ्या अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीची म्हणून वाचावी लागतील.

त्यासाठी दोन कामे तातडीची आहेत. आनंदीबाईंच्या मराठी आणि इंग्रजी पत्रांची, ज्या भाषेत ती लिहिली गेली त्याच भाषेत, तारीखवार एकत्र आवृत्ती मराठी अभ्यासकांच्या हाती असली पाहिजे. आणि त्या पत्रांतील संबोधनांची स्वतंत्र सूची तयार झाली पाहिजे. कोणत्या महिन्यात कोणाला कोणत्या शब्दाने हाक मारली, एवढ्या लहानशा नोंदीतूनही एका आयुष्याची दिशा दिसू शकते. चरित्रकारांनी ज्या घरावरून घाईने नजर फिरविली, त्या घराचे दार त्या सूचीतून उघडण्याचा संभव आहे.